चंचीतला विस्तव

खिरेश्वरहून तोलार खिंड, पुढे रेलिंगचा कातळटप्पा आणि मग संपता न संपणाऱ्या टेकड्या. असा हरिश्चंद्रगड चढून माणूस कोकणकड्याशी पोहोचतो, तेव्हा त्याला फार काही नको असतं. सॅक टाकायला चार हात सपाट जागा आणि कपभर चहा. जागा लगेच मिळते. चहाचं मात्र त्या डिसेंबरच्या संध्याकाळी आम्हा चौघांना जमलं नाही. कोकणातून येऊन कड्याला धडकणारा वारा सरळ वर उसळत होता. गॅसची ज्योत आडवी पडून पातेल्याऐवजी शेजारच्या दगडाला ऊब देत होती आणि दर दोन मिनिटांनी विझत होती. काडेपेटीतल्या सदतीस काड्या गेल्या. मोजल्या, कारण मोजण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पातेल्याचं झाकण पुण्यात ओट्यावर राहिलं होतं. तासाभराने जो भात झाला तो बाहेरून लगदा आणि आतून कणी, असा दोन्ही बाजूंनी वाया गेलेला.

तिथून थोड्या अंतरावर, वाऱ्याच्या आडोशाला एक झाप होता. ट्रेकर मंडळींना पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या, खाली पाचनईत घर असलेल्या एका मावशींचा. आमच्यातला एक जण काडेपेटी मागायला गेला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या चार फुगलेल्या सॅकांकडे पाहिलं आणि काडेपेटी न देता खापरावर तीन रसरशीत निखारे घालून दिले. निखारे घेऊन तो परत आला खरा, पण ते ठेवायचे कुठे? चूल नाही, शेगडी नाही, सुकं सरपण नाही. पाच मिनिटांत त्यांच्यावर राखेची साय धरली. आम्ही मुकाट्याने झापात जाऊन भाकरी मागितली.

हा लेख त्या फजितीनंतरच्या वर्षभराचा आहे. त्यातला निम्मा प्रवास पुण्याच्या पेठांमधला आहे आणि उरलेला त्याच गडाच्या दुसऱ्या बाजूचा, पाचनईचा.

आधी फजितीचा पंचनामा. रिकामी सिलिंडरची डबी घरी आणून वाचली तेव्हा कळलं की आत निव्वळ ब्युटेन होता. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे त्याच्या खाली तापमान गेलं की तो द्रवरूपातच बसून राहतो, बर्नरपर्यंत येतच नाही. गडावर काही शून्याखाली तापमान नव्हतं, पण डबीतला वायू बाहेर पडताना डबीची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे आठ-नऊ अंशांच्या हवेत डबी स्वतः गोठणबिंदूजवळ पोहोचते. तिच्यावर दव जमलेलं आम्ही पाहिलं होतं आणि त्याचं कौतुकही केलं होतं! प्रोपेन उणे बेचाळीस अंशांना उकळतो, म्हणून थंडीत नेण्याच्या डब्यांमध्ये तो मिसळलेला असतो. दुसरी गोष्ट उंचीची. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, म्हणजे तिथलं उकळतं पाणी ९५ अंशांचं. चहाला फरक पडत नाही. तूरडाळ मात्र ही पाच अंशांची सवलत घेऊन तासभर अडून बसते.

आणि झाकण. एक लिटर पाणी उकळायला उघड्यावर, वाऱ्याला आडोसा असताना बारा ते पंधरा ग्रॅम गॅस पुरतो. झाकण नाही, आडोसा नाही, तर हा हिशोब मांडण्यातही अर्थ नाही.

पुण्यात कुठलीही जमवाजमव जुन्या बाजारापासून सुरू करावी. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात बंद पडलेली घड्याळं, पाने, पकडी, पितळी कड्या, कोणाच्या तरी आजोबांचे चष्मे असं सगळं एका ताडपत्रीवर नांदत असतं. तिथे चाळीस रुपयांना बोटभर लांबीची एक काळी पोलादी पट्टी मिळाली, दोन्ही टोकं आत वळवलेली. विकणाऱ्याच्या मते ती कपाटाची मूठ होती. ती चकमकीचं पोलाद होती. खेडोपाडी म्हाताऱ्यांच्या कमरेला जी चंची असायची, तिच्यात पान, सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी आणि त्यांच्यासोबत हे पोलाद, एक गारगोटी आणि चिमूटभर कापूस एवढा सगळा अग्निसंसार असायचा. मुठीत मावणारा.

गारगोटी कुठली घ्यायची हेही शिकावं लागतं. सह्याद्रीचा काळा कातळ बेसॉल्टचा, त्याच्यावर पोलाद आपटून हात दुखतो, ठिणगी मनासारखी पडत नाही. पण लाव्हा थंड होताना त्याच्यात जे वायूचे फुगे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत पुढे गार, अकीक यांच्यासारखे सिलिकाचे दगड साकळले. नांगरलेल्या शेतात, ओढ्याच्या पात्रात ते सुटे सापडतात. ते पोलादाहून कठीण असतात. धारदार कडेवर पोलाद घासलं की दगड पोलादाचा सूक्ष्म कीस काढतो आणि तो कीस हवेत जळतो. ठिणगी म्हणतो ती हीच, जळणारं लोखंड. ती झेलायला कोकणात भेरली माडाच्या पानांच्या बुडाशी येणारा लोकरीसारखा कापूस वापरत. तो मिळाला नाही, तर जुन्या सुती धोतराचा तुकडा बूटपॉलिशच्या बंद डबीत घालून निखाऱ्यावर ठेवायचा. हवा नसल्याने तो राख न होता काळा पडतो, आणि मग नुसत्या एका ठिणगीने त्याच्यावर लाल ठिपका पसरत जातो. पहिल्यांदा हा ठिपका धरायला पाऊण तास लागला. दोन बोटांची सालं गेली. घरच्यांनी गॅलरीचं दार आतून लावून घेतलं होतं.

चकमक चंचीत ठेवली ती हौस म्हणून. भिस्त ठेवली दुसऱ्या एका काडीवर, जिला कॅम्पिंगच्या दुकानांत ‘फायर स्टार्टर’ म्हणतात. ही फेरोसेरियमची कांडी. हिच्यात उलटा न्याय चालतो. इथे पोलादी पट्टी कांडीचा कीस काढते आणि तो कीस ३००० अंशांच्या आसपास तापून फुलबाजीसारखा झडतो. ओली झाली तर पुसून घ्यायची, पुन्हा चालू. हिचा शोध ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांचा, पेटंट १९०३ चं. आपल्याला हा माणूस नावाने माहीत नसला तरी त्याचं दुसरं काम लग्नाच्या वरातींत आणि तमाशाच्या फडांत पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर मिरवलेलं आहे. गॅसबत्तीतलं ते रेशमी जाळं, मेंटल, ते त्याचंच. मेंटलसाठी थोरियम लागायचं आणि ते मोनाझाइटच्या वाळूतून काढताना सेरियमसारख्या धातूंचा ढीग मागे उरायचा. त्या ढिगाचं करायचं काय, या प्रश्नातून ठिणगीची कांडी निघाली. ती वाळू पुढे आपल्याच त्रावणकोरच्या किनाऱ्यावरूनही जहाजं भरभरून जात होती. वरातीतली बत्ती आणि सॅकमधली कांडी सख्खी भावंडं आहेत, हे कळल्यापासून दोन्हींबद्दलचा आदर वाढला.

तरीही रोजच्या कामाला काडेपेटीच बरी. तिला हसू नये. काडीच्या डोक्यात पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस, अशी दोन भांडखोर रसायनं वेगळ्या घरात ठेवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्वीडनमध्ये सिद्ध झाली. तिचा मोठा कारखाना स्वीडिश भांडवलावर आपल्या अंबरनाथला उभा राहिला, ‘विमको’चा. त्याच सुमाराला, १९२३ मध्ये, शिवकाशीच्या दोघा चुलतभावांनी कलकत्त्याहून हे काम शिकून येऊन गावात धंदा मांडला. १ डिसेंबर २०२१ रोजी पेटीची किंमत एका रुपयाची दोन रुपये झाली, तीही चौदा वर्षांनी. एवढ्या स्वस्तात एवढी भरवशाची वस्तू दुसरी नाही. फक्त कडेची पट्टी घामाने भिजली की सगळ्या काड्या निरुपयोगी होतात, कारण पट्टीशिवाय त्यांना पेट घेता येत नाही. म्हणून दोन पट्ट्या कापून काड्यांसोबत औषधाच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवल्या. कोकणकड्यावर आमच्या पेटीचं हेच झालं होतं. ती खिशात होती आणि खिसा चढणभर घामात.

ठिणगी पडली तरी ती खाणारं काहीतरी हवं. इथे पाश्चात्त्य कॅम्पिंगवाले व्हॅसलिनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यांची शिफारस करतात. मराठी घरात ती वस्तू देवघरात तयार असते. तुपात भिजवलेली फुलवात. एरवी निरांजनात जळते तीच चुलीतही बराच वेळ तग धरते आणि तेवढ्यात वरच्या चिरफळ्या धरतात. जोडीला कापराच्या आठ-दहा वड्या, हवाबंद डबीत, कारण कापूर उघडा ठेवला तर उडून जातो आणि ऐन वेळी डबीत नुसता वास उरतो. पावसाळ्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या. घाण वास येतो, काळा धूर होतो, पण ओल्या काटक्यांशी झुंजायला त्यांच्यासारखं काही नाही. खाण्याचं भांडं मात्र तोवर चुलीवर चढवू नये.

भांड्यांसाठी बोहरी आळी. इथे एक गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळते. दुकानदाराला ‘कॅम्पिंग’ सांगितलं की तो चकचकीत दुमडत्या दांड्यांचा संच काढतो आणि ‘लग्नाच्या स्वयंपाक्याला हवंय’ म्हटलं की खरी भांडी काढतो. जाड बुडाचं ‘जर्मन’चं पातेलं (अ‍ॅल्युमिनियमला अजूनही कित्येक घरांत जर्मनच म्हणतात) अडीच लिटरचं, त्याच्यात बसणारं दीड लिटरचं आणि त्यात चहाचं. एकात एक, म्हणजे उतरंड उलटी करून ठेवल्यासारखी. त्यांना कान नाहीत आणि तेच बरं. कान सॅकेत अडकतात, त्यांचे रिबिट सैल होतात, आचेवर तापून बोटं भाजतात. त्यांच्याऐवजी एक सांडशी. सांडशी कुठल्याही भांड्याचा कान होते, वेळेला तंबूची खुंटी उपटते आणि निखारा उचलते. वर्षभराच्या जमवाजमवीत एकच वस्तू निवडायची झाली, तर मी सांडशी निवडेन. बिडाचा तवाही घेतला होता. दोन किलोंच्या वर वजन. पहिल्या चढालाच तो मित्राच्या सॅकेत गेला, दुसऱ्या चढाला मैत्री ताणली गेली, आणि आता तो घरी उत्तम घावन देतो.

बोहरी आळीतून चालत कसब्यात तांबट आळीला गेलं की आधी कानांना कळतं. तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा ठेका. पेशवाईपासून इथे तांबट मंडळी वसली आहेत आणि भांड्याच्या अंगावर ठोके देऊन चंदेरी-तांबूस टिकल्या उमटवण्याचं त्यांचं मठारकाम प्रसिद्ध आहे. तिथे एका दारात बंब ठेवलेला दिसला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुणेकराच्या नाकात बंबाचा धूर आहे. मधोमध धुराडं, त्यात काटक्या, भोवती पाणी. हीच रचना आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या कॅम्पिंगच्या ‘केली केटल’ची. मधून आग, भोवती पाणी, वाऱ्याने विझण्याऐवजी उलट भडकणारी. ती आज परदेशी दुकानांत चांगल्या किमतीला विकली जाते आणि आपण आपले बंब अंगणात तुळशीशेजारी कुंडी म्हणून मांडतो. चहापुरता दोन लिटरचा बंब करून मिळेल का, असं तिथल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, होईल, पण तुम्ही आंघोळ काय मुंगीची करणार? करून घेतला नाही. किंमत ऐकून नव्हे. आतून कल्हई, बाहेरून धुराडं, वर वजन, हे प्रकरण गाडीने जाणाऱ्यांचं आहे.

त्याऐवजी पत्र्याची शेगडी. तेलाचा पाच लिटरचा डबा, खालच्या अंगाला हवेसाठी भोकं, वरच्या कडेला आणखी एक ओळ, आत अर्ध्यावर जाळी आणि बाजूला सरपण सारायला खिडकी. पत्रेवाल्याने तासात करून दिली. खालची हवा लाकूड जाळते, वरची हवा लाकडातून निघालेला धूर जाळते, म्हणून ती कमी धुपते. तिच्यात लाकडाऐवजी भुसाही चालतो. सुतारकामाचा भुसा भरायचा तर मधे बाटली उभी धरून भोवती ठासायचा, मग बाटली अलगद काढायची आणि खालच्या खिडकीतून पेटवायचं. गिरणगावातल्या आणि वाड्यांतल्या बायकांनी भुशाच्या शेगड्यांवर संसार काढले, त्याच तंत्रावर. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा केला आणि त्यासाठी सराई कुकर बनवला. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेच्या कुकरमध्ये सुमारे शंभर ग्रॅम कांडी कोळशावर वाफेने एका कुटुंबाचा वरण-भात शिजतो. शंभर ग्रॅम! हा आकडा डोक्यात शिरल्यावर जंगलातून मोळी बांधून आणण्याची कल्पना गावंढळ वाटायला लागते.

खरं तर अशा कामाला सगळ्यांत दणकट यंत्र म्हणजे पंपाचा स्टोव्ह. स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ मध्ये काढलेला प्रायमस. रॉकेलला दाबाने वर ढकलायचं, तापलेल्या नळीत त्याची वाफ करायची आणि ती जाळायची. वात नाही, काजळी नाही. आपल्याकडे ‘रॉकेल’ हा ‘रॉक ऑइल’चा अपभ्रंश आणि ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’चा, म्हणजे इंधनाच्या नावातच परदेशाहून आल्याची खूण. स्टोव्ह पेटवण्याआधी स्पिरिटात बुडवलेला काकडा बर्नरला लावायचा, फर्रर्र आवाज यायला लागला की पंप मारायचा, अडला तर पिन मारायची. नव्या पिढीला हे सांगताना मोटार हँडल मारून चालू करण्याची गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं. पण २९ मे १९५३ च्या पहाटे सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर तेनसिंग आणि हिलरी यांच्या तंबूत हाच स्टोव्ह पेटला होता. हिलरींचे रात्रभर बाहेर राहिलेले बूट दगडासारखे गोठले होते, ते त्यांनी त्या ज्योतीवर धरून मऊ केले. मग दोघे शिखराकडे निघाले.

स्टोव्हचं मर्म मात्र बर्नरमध्ये नसतं, वायसरमध्ये असतं. पंपाचं चामड्याचं वायसर सुकलं की दाब बसत नाही. घरोघरच्या बायका त्याला खोबरेल लावून जिवंत ठेवत. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत हीच क्षुल्लक वस्तू नडली. परतीच्या वाटेवर पुरून ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यांची चामडी वायसरं थंडीने निकामी झाली होती आणि डब्यांत अपेक्षेपेक्षा कमी रॉकेल उरलं होतं. इंधन कमी म्हणजे बर्फ वितळवायला कमी, म्हणजे पाणी कमी. १९१२ च्या मार्चमध्ये स्कॉट आणि त्याचे उरलेले दोन सोबती तंबूतच संपले. त्यांच्याआधी ध्रुव गाठणाऱ्या आमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते. हे वाचल्यानंतर मी घरातला प्रत्येक डबा उलटा करून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायला लागलो. तेलाचा निघाला एक.

स्टोव्ह घेतला नाही, कारण रेशनवरचं रॉकेल आटलं आहे आणि गावातही ते सहजी मिळत नाही. गॅसच घेतला, प्रोपेन मिसळलेला, आटे असलेल्या डबीचा. आडोशाला पत्र्याची घडीची भिंत. पण ती डबीला गोल वेढून ठेवायची नाही, आतली उष्णता कोंडून डबीच तापते. तीन बाजूंनी आडोसा, चौथी उघडी.

गॅस घेतला की प्रवासाचं गणित बदलतं. विमानात डबी सोडाच, आपल्याकडे काडेपेटी आणि लायटरही चालत नाहीत. रेल्वेत गॅस, रॉकेल, स्टोव्ह नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. लोकांना हा नियम कागदी वाटतो. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या एका पर्यटक डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरवर चहा करताना आग लागली आणि नऊ यात्रेकरू गेले. म्हणून हिमालयात जाणाऱ्यांनी इंधन तिकडेच घ्यावं, इथून फक्त बर्नर न्यावा. आमचं सोपं होतं. स्वतःची गाडी, संगमनेर, अकोले, राजूर आणि पाचनई.

पाचनई म्हणजे हरिश्चंद्रगडाची सगळ्यांत जवळची वाट. गावात पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि त्या मावशी अंगणात भात पाखडत होत्या. ओळखलं त्यांनी. “सदतीस काड्यांवाले ना तुम्ही?” आमच्यातल्या कोणीतरी तेव्हा झापात आकडा सांगितला असणार. मुक्काम गडावर करायचा नाही, हे आम्ही ठरवूनच आलो होतो. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा; अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं, पेटती सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३० ने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी डिसेंबरनंतरचं तिथलं गवत पाहावं. गुडघाभर, सोनेरी, कोरडं ठाक, आणि मधे कारवीची वाळकी जाळी. एक ठिणगी वाऱ्यावर गेली की पुढचं काम वाऱ्याचं. कड्यांच्या कपारींत आग्या माश्यांची पोळी असतात, त्या धुराने चवताळतात. धुरामुळे माश्या उठून माणसं जखमी झाल्याच्या बातम्या कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावरून येत असतात. तेव्हा रात्रीचा स्वयंपाक मावशींच्या अंगणात आणि सकाळी गडावर दशम्या, चटणी आणि थर्मासमधला चहा.

“मांडा दुकान,” मावशी म्हणाल्या.

मांडलं. पत्र्याची शेगडी, तीन पातेली, सांडशी, पळी, चंची. शेगडी कशावर ठेवायची म्हणून आमच्यातला एक जण ओढ्यातून छान गुळगुळीत दगड घेऊन आला. मावशींनी ते त्याच्या हातातूनच परत पाठवले. ओढ्यातल्या दगडांच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं, आचेवर त्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. हे आम्ही वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही दगड आणले होते. मग पातेल्यांच्या बुडांना बाहेरून ओल्या माती-राखेचा लेप दिला, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि पाण्याने लेपासकट निघून जाते. मावशींच्या सुनेने आमच्या चिरफळ्या पाहून त्या आणखी बारीक केल्या, आगपेटीच्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या, अशा तीन ढिगांत. सरपण आम्ही राजूरच्या बाजारातून घेतलं होतं, पोतंभर वाळकी लाकडं आणि करवंट्या. करवंटीत तेल असतं, ती धरली की सोडत नाही.

फुलवात सोडवून पिंजली, कांडीवर पट्टी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ठिणग्यांचा झोत तुपाळ कापसावर पडला आणि एक निळसर, शांत ज्योत उभी राहिली. अंगणातली दोन पोरं टाळ्या वाजवायला लागली. मावशींनी कांडी हातात घेऊन न्याहाळली, स्वतः एकदा ओढून पाहिली, ठिणग्या पडताच मान मागे घेतली. “दिवाळीला बरीय,” एवढाच अभिप्राय.

डाळ-तांदूळ धुतले होते. बंद तंबूत स्वयंपाक करू नये, यावर आमच्यात गेल्या वेळी वाद झाला होता, थंडीमुळे. या वेळी कोणी तो विषयही काढला नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक, त्यांत लहान मुलं, खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, ठसका लागत नाही. माणूस थंडीतून उबेत आला आहे असं समजून झोपतो. तंबू खोलीपेक्षा कितीतरी लहान. आम्ही उघड्या अंगणात होतो, चादरी पांघरून, आणि धूर ज्याच्याकडे जाईल तो जागा बदलत होता.

खिचडीला कढ आला. दहा मिनिटं खळाळू दिली, मग पातेलं झाकणासकट गोधडीत गुंडाळून परातीत बसवलं. आतल्या उष्णतेवर उरलेलं शिजतं, सरपण वाचतं, खाली लागत नाही. हे आजीचं शास्त्र. तिच्या वेळी गुंडाळायला गवताची पेटी असायची. चाळीस मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात एकाने सगळ्या सामानाचं वजन सांगितलं. तीन पातेली, शेगडी, बर्नर, गॅसची डबी, सांडशी, पळी, चंची मिळून साडेतीन किलो. मागच्या वेळचं याच्या दुप्पट होतं आणि त्यात झाकण नव्हतं. आम्ही बराच वेळ स्वतःवर खूश होतो.

पातेलं उघडलं. दाणा उठलेला, डाळ विरघळलेली, वाफेला जिऱ्याचा वास. पहिला घास घेतलेल्याने चेहरा केला. दुसऱ्याने केला. मग चौघांनी मिळून सॅका उलट्या केल्या. कापूर होता, चकमक होती, वायसरसुद्धा होतं, उगाच आणलेलं. मीठ नव्हतं.

वाटी घेऊन मी मावशींच्या दाराशी गेलो. आत चूल पेटलेली होती, देवळीत दिवा लागला होता.

“येवढा बाजार पाठीवर घेऊन आलात आन् मीठ नाय?” त्यांनी बरणी उघडली, मूठ भरली आणि थबकल्या. दिवेलागण झाली होती. तिन्हीसांजेला मीठ कोणाच्या हातावर देत नाहीत. त्यांनी मुठीतलं मीठ पळसाच्या पानावर ओतलं, पान उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून म्हणाल्या, “उचला तुमचं तुम्ही.”